बेगड लावलेले नट

नटाचे छापील चित्र विकत आणायचे, त्याच्या अंगावरचा पोशाख कात्रीने कोरून काढायचा आणि त्या रिकाम्या जागी खरे रेशीम, मखमल, कातडे नि बेगड चिकटवून त्याला नव्याने सजवायचे, असा एक छंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये चांगलाच फोफावला होता. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका धानाच्या गावात बसून मी या चित्रांविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. बेगड आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या शिंगांवर, लग्नात बाशिंगावर आणि दंडार या आमच्या लोकनाट्यात राजाच्या मुकुटावर आजही दिसते. नाटक तर झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या आमच्या मुलखाला, दरवर्षी लागतेच. ज्या मुलखात या दोन्ही गोष्टी हाताशी आहेत, तिथल्या माणसाला ही चित्रे परकी वाटण्याचे काही कारण नाही.

या चित्रांचा उगम मुलांच्या खेळण्यात आहे. १८११ च्या सुमारास विल्यम वेस्ट नावाच्या लंडनच्या दुकानदाराने त्या वेळी गाजत असलेल्या नाटकांतील पात्रांचे छापील ताव विकायला सुरुवात केली. मुलांनी ती पात्रे कापायची, पुठ्ठ्यावर डकवायची आणि टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या रंगमंचावर घरच्या घरी नाटक करायचे, अशी ती कल्पना होती. जे. के. ग्रीन, हॉजसन, स्केल्ट असे आणखी प्रकाशक या धंद्यात उतरले. छोट्या पात्रांबरोबरच मग एकेका नटाचे स्वतंत्र, मोठे, वहीच्या पानाएवढे चित्र निघू लागले. तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने रेषा कोरून ते छापलेले असे; साधे चित्र एका पेनीला आणि हाताने रंगवलेले दोन पेनीला मिळे. खाली नटाचे नाव, भूमिकेचे नाव, प्रकाशकाचा पत्ता आणि बहुधा तारीख. चित्रातला नट एक पाय पुढे टाकून, छाती काढून, एका हातात तलवार उगारून उभा असतो. त्याच्या पाठीमागे, गुडघ्याच्या उंचीवर, एखादा किल्ला, जहाज किंवा दोन-चार झाडे असतात. आपल्याकडे पौराणिक नाटकातला वीर वर्षानुवर्षे ज्या पवित्र्यात उभा राहत आला, तोच हा पवित्रा आहे.

खरे काम चित्र घरी आल्यावर सुरू होई. आधी चेहरा, हात आणि मागचा देखावा रंगवून घ्यायचा. मग अंगरखा, झगा, विजार यांच्या जागा धारदार पात्याने कोरून काढायच्या आणि कागदाच्या मागच्या बाजूने रेशमाचे किंवा मखमलीचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे छापील रेषेची कड तशीच राहते आणि कापड मात्र त्या कडेच्या आतून डोकावते. त्यावर पुढच्या बाजूने बेगड. ही बेगड म्हणजे धातूचा अगदी पातळ पत्रा. तो सोनेरी, रुपेरी, लाल, निळा, हिरवा अशा रंगांत मिळे आणि पोलादी ठशाने त्याचे नक्षीदार तुकडे पाडलेले असत. चांदण्या, ठिपके, खवले, कंबरपट्ट्याचे बक्कल, शिरस्त्राण, ढाल, तलवारीची मूठ असे शेकडो आकार दुकानात तयार असत, आणि ठरावीक चित्राच्या मापाचे सुटे अलंकारही विकत मिळत. ठसा मारताना पत्र्याला मागून फुगवटा येई, त्यामुळे कागदावर चिकटवल्यावर प्रत्येक ठिपका चपटा न राहता किंचित वर उठून दिसे. शिरस्त्राणाला खरे पीस, गळपट्ट्याला झालरीचा तुकडा, बुटांना कातडे. हा सगळा खटाटोप ज्यांना जमत नसे, त्यांच्यासाठी दुकानदार आयती सजवलेली चित्रेही ठेवत, पण त्यांची किंमत अर्थातच पेनीच्या हिशेबात बसणारी नव्हती.

कोणत्या नटांची चित्रे सजवली जात, हे पाहणे मोठे रंजक आहे. एडमंड कीन १८१४ च्या जानेवारीत ड्रुरी लेन नाट्यगृहात शेक्सपिअरचा शायलॉक म्हणून उभा राहिला आणि एका रात्रीत लंडनच्या तोंडी झाला. शेक्सपिअरच्याच तिसऱ्या रिचर्ड राजाच्या पोशाखातले त्याचे चित्र या छंदातल्या हुकमी चित्रांपैकी एक. टी. पी. कुक हा लहानपणी खरोखरच आरमारात नोकरी केलेला माणूस. १८२९ साली सरे नाट्यगृहात त्याने केलेला खलाशी इतका लोकप्रिय झाला की खलाशाचा वेष ही त्याची ओळखच होऊन बसली. अँड्र्यू डुक्रो हा लंडनमधल्या ॲस्टलीच्या सर्कशीच्या रिंगणात घोड्यावर उभा राहून पराक्रम गाजवणारा कसबी. त्याच्या चित्रांत घोड्याचा साजही बेगडीने मढवायला मिळे. मादाम वेस्ट्रिस ही पुरुषवेषातल्या भूमिकांसाठी गाजलेली नटी. तिने १८३१ साली ऑलिंपिक नाट्यगृह स्वतःच्या हिमतीवर चालवायला घेतले. आपल्याकडे पुरुष लुगडे नेसून रंगमंचावर येत आणि लोक त्यांची छायाचित्रे भिंतीला लावत. तिकडे एका बाईने पुरुषाची विजार घातली आणि लोकांनी तिचे चित्र सजवले. नटाच्या वेषाचे वेड दोन्हीकडे सारखेच म्हणायचे.

त्या काळी लंडनमध्ये गद्य संवादांचे 'खरे' नाटक करण्याचा परवाना ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन या दोन नाट्यगृहांकडेच मुख्यतः होता. बाकीच्या छोट्या नाट्यगृहांना संगीत, मूकनाट्य, घोडे, लढाया, स्फोट यांचा आधार घ्यावा लागे, आणि १८४३ च्या कायद्याने ती मक्तेदारी मोडेपर्यंत हे असेच चालले. ज्या रंगमंचावर बोलायला बंदी, तिथे पोशाख बोलणारच. दरोडेखोर, चाचे, सरदार, राक्षस, काळे चिलखत घातलेले खलपुरुष यांची जी गर्दी या चित्रांत दिसते तिचे मूळ बरेचसे इथे आहे. योगायोग असा की त्याच १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि तिथेही तलवार परजत, आरोळ्या ठोकत येणाऱ्या राक्षसाने प्रेक्षकांना जिंकले.

आता माझ्या मनात घोळत असलेल्या मुद्द्याकडे येतो. या चित्रांना बहुतेक जण चाहत्यांची भक्ती म्हणून पाहतात: आवडता नट, म्हणून त्याचे चित्र, म्हणून त्यावर शृंगार. मला हे पुरेसे वाटत नाही, कारण या चित्रांतले चेहरे पाहिले तर ते नटांचे म्हणून ओळखू येतीलच असे नाही. टपोरे डोळे, सरळ नाक, गालावर कल्ले. खालचे नाव झाकले तर कीनला कुक समजावे, अशी स्थिती. प्रकाशक जुन्याच पत्र्यावर थोडा फेरफार करून त्याखाली दुसऱ्या नटाचे नाव कोरत, आणि गिऱ्हाइकाची त्याला फारशी हरकत नसे. ज्याला नटाचा चेहरा जपायचा आहे तो असे चित्र घेऊन समाधानी राहणार नाही. शिवाय सजवणाऱ्याने चेहऱ्यावर रंगाच्या हातापलीकडे काही केलेलेच नसते. तो साधा, सपाट राहतो. तिथे बेगडीचा एक ठिपकाही नसतो. मागच्या किल्ल्यालाही नसतो. बेगड कुठे असते, तर तलवारीच्या पात्यावर, मुकुटावर, छातीवरच्या चिलखतावर, कंबरपट्ट्यावर, बुटाच्या बकलावर. म्हणजे दिवे लागलेल्या रंगमंचावर नट हलला की जे जे लखलखत होते, नेमके तेथे.

१८१७ साली लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांत गॅसचे दिवे आले. त्याआधी मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे होते. मेणबत्तीचा काय किंवा गॅसचा काय, तो उजेड जिवंत ज्योतीचा होता, थरथरणारा. त्यात दूर बसलेल्या माणसाला नटाचे डोळे काय दिसणार? त्याला दिसत होती ती छातीवरची चमक, आणि ती पुढे सरकली की तो समजे, राजा पुढे आला. रंगमंचावरचे खरे पोशाखही टिकल्या, पत्रे आणि खोट्या खड्यांनी मढवलेले असत. सजवलेल्या चित्रात हीच चमक कागदावर उतरवलेली आहे. घरी मेणबत्तीसमोर ते चित्र धरले की फुगीर ठिपक्यांवरून उजेड सरकतो, आणि चित्रातला नट स्थिर असूनही तलवार हलल्यासारखी वाटते. नाटक पाहून आलेला माणूस जो उजेड घेऊन घरी येत होता, त्याला धरून ठेवण्याची ही युक्ती होती, असे माझे मत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशी चित्रे जतन केलेली आहेत. पण अशा चित्रांची सगळीकडे दिसणारी छायाचित्रे सपाट, समान उजेडात काढलेली असतात. त्यांत बेगड करड्या डागासारखी दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते, एवढ्यासाठी लोक इतकी मेहनत घेत होते?

हे मला पुस्तकातून उमगले नाही. आमच्याकडे बाशिंगे आणि मुकुट करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. दंडारीच्या दिवसांत आसपासच्या गावांची सोंगे त्यांच्याच ओसरीवर तयार होतात. पुठ्ठ्याचा मुकुट, त्यावर भेंडाच्या कळ्या आणि वर बेगड, असा त्यांचा क्रम. चिंचोक्यांची खळ ते स्वतः शिजवतात आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतात. खळ पुठ्ठ्याला लावायची, बेगडीला नाही. बेगडीला लावली तर ती ओली होऊन सुरकुतते. तुकडा ठेवला की तो बोटाने दाबत नाहीत, अंगठ्याच्या नखाच्या पाठीने मधून कडेकडे घासत नेतात, म्हणजे आतली हवा निघून जाते. पण मुकुटाच्या पुढच्या पाकळ्यांवर मात्र ते मुद्दाम बेगड थोडी चुरगाळून मग पसरवतात. मी कारण विचारले, तर त्यांनी मुकुट उचलून ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेला आणि नातवाला चिमणी पेटवायला सांगितले. गुळगुळीत भागावर ज्योतीचा एकच ठिपका दिसत होता. चुरगाळलेल्या पाकळ्यांवर मात्र असंख्य ठिपके एकदम नाचू लागले. "बेगड दिवसाची नाई पाहा लागत, बाबू," ते म्हणाले, "रातच्यानं पाहा लागते." लंडनच्या ठसे पाडणाऱ्या कारागिराने पत्र्याला फुगवटा का दिला, याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला मिळालेले नाही.

छापील चित्र सजवण्याची रीत आपल्याकडेही होती, पण तिचे दैवत वेगळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, त्यासाठी जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले, आणि पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेल्या त्यांच्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती गावोगावच्या घरांत पोहोचल्या, आणि अनेक घरांतल्या बायकांनी, तर काही ठिकाणी धंदेवाईक कारागिरांनी, त्या देव्यांना जर, टिकल्या, मणी आणि कापडाचे तुकडे लावून साड्या नेसवल्या. इथेही चेहरा आणि हात छापीलच राहिले. फरक एवढाच की लंडनचा पोरगा कीनला तलवार देत होता आणि इकडची गृहिणी लक्ष्मीला पैठणी नेसवत होती. देवघरातल्या मूर्तीला रोज वस्त्र घालणाऱ्या हाताला कागदावरच्या देवीला वस्त्र घालणे हे वेगळे काही वाटलेच नसणार. तीही चित्रे समईच्या उजेडात पाहायची होती. समईची वात हलली की काठाची जर चमकते. ट्यूबलाइट लागल्यापासून तीच जर मळकट दिसू लागली आणि नव्या पिढीने ती चित्रे माळ्यावर टाकली, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

मग मराठी नटांच्या चित्रांचे काय झाले? आपली रंगभूमी भरात आली तोवर छायाचित्र आलेले होते. युरोपात १८५४ साली डिसदेरी या छायाचित्रकाराने भेटकार्डाच्या आकाराची स्वस्त छायाचित्रे काढण्याची पद्धत पॅरिसमध्ये नोंदवली आणि पुढच्या दशकात नटनट्यांची अशी छायाचित्रे ढिगांनी विकली जाऊ लागली. सजवलेल्या चित्रांचा छंद ओसरण्याला हेही एक मोठे कारण होते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले तेव्हा आपल्याला हेच नवे साधन आयते मिळाले. म्हणून बालगंधर्वांची आपल्याला ठाऊक असलेली बहुतेक चित्रे कॅमेऱ्यातली आहेत. इथे एक गंमत आहे, आणि ती थोडी क्लेशकारकही आहे. खऱ्या जरीचे शालू, खरे दागिने आणि उंची अत्तरे यांवर गंधर्व नाटक मंडळीने हात राखून खर्च केला नाही, आणि ती हौस मंडळीच्या कर्जाला बरीच कारणीभूत झाली. पण त्या सगळ्या थाटाचे काळ्यापांढऱ्या छायाचित्रात काय उरले? चेहरा उरला, मान वळवण्याची ढब उरली, आणि शालूच्या जागी करड्या रंगाच्या छटा उरल्या. लंडनच्या पेनीच्या चित्रात चेहरा कोणाचाही होता, पण चमक मात्र खरी होती. आपल्याकडे चेहरा अगदी खरा, आणि चमक गेली. काही घरांत अशा छायाचित्रांवर हाताने रंग भरून घेतले जात, पण रंग म्हणजे उजेड नव्हे.

अर्थात बालगंधर्वांची सगळी कीर्ती शालूवर उभी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. राम गणेश गडकरी आमच्या विदर्भात, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, आणि महिनाही उलटला नव्हता तोच २० फेब्रुवारीला बडोद्यात त्यांचे 'एकच प्याला' रंगमंचावर आले. त्यात बालगंधर्वांनी केलेली सिंधू दारिद्र्याने गांजलेली; तिच्या अंगावर चमकण्यासारखे काहीच नाही. तरीही त्या भूमिकेने लोकांना रडवले. सिंधूचे चित्र बेगडीने सजवायला दिले असते, तर लंडनचा तो पोरगा कात्री खाली ठेवून गप्प बसला असता. या कलेला मर्यादा आहे ती इथे: ती राजाची आणि राक्षसाची आहे, दळणकांडण करणाऱ्या बाईची नाही.

झाडीपट्टीत आज काय दिसते, ते सांगतो. धानाची कापणी-मळणी उरकत आली की भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, आणि तेव्हापासून होळीच्या आसपासपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत रात्र रात्र नाटके चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळींचे ठाणे. तिथल्या रस्त्यावरून चालले तर नाट्यमंडळांच्या पाट्याच पाट्या लागतात. झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेले. नाटकाच्या जाहिराती पूर्वी गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावर एका रंगात छापलेल्या असत, आणि त्यांत नटाचा चेहरा शाईच्या ठिपक्यांत हरवून जाई. आता फ्लेक्स आहेत. त्यांवर दहा-पंधरा कलाकारांचे चेहरे ओळीने लावलेले असतात, प्रत्येक चेहरा संगणकावर उजळलेला, गाल गुळगुळीत केलेले. जाहिरात म्हणून त्यात काही वावगे नाही. कोण येणार हे कळल्याशिवाय तिकीट कोण काढणार? पण अशा फ्लेक्सवर पोशाख जवळजवळ नसतोच. मानेच्या खाली चित्र कापलेले असते. खलनायकाची भूमिका वर्षानुवर्षे गाजवणारा नट तिथे पासपोर्टच्या फोटोत बसतो तसा बसलेला असतो, आणि रात्री तोच नट झगमगीत कोटात आला की पोरे किंचाळतात. पेनीच्या चित्राने जे ठेवले ते फ्लेक्सने टाकले, आणि जे टाकले ते ठेवले, असा हा उलटा व्यवहार आहे.

तरीही हात स्वस्थ बसत नाहीत. सिंदेवाहीकडच्या एका परिचितांच्या घरी बैठकीत एक फ्रेम आहे. त्यांचे वडील हौशी मंडळात राजाची कामे करीत. कोणीतरी त्यांचे पूर्ण उंचीचे, मुकुट घातलेले, काळेपांढरे छायाचित्र काढले होते; ते मोठे करून घेतल्यावर त्यांच्या पत्नीने पोळ्याला आणलेल्या बेगडीतून उरलेले तुकडे त्यावर लावले. मुकुटाला सोनेरी, कंबरपट्ट्याला लाल, आणि तलवारीच्या पात्यावर एक अरुंद रुपेरी पट्टी, ती मात्र इतकी सफाईने कापलेली की पात्याची वळलेली अणीसुद्धा सुटलेली नाही. शेल्याच्या काठावर लुगड्याच्या जुन्या काठातली उसवून काढलेली खरी जर आहे, बारीक टाक्यांनी कागदाला शिवलेली. चेहऱ्याला काहीही लावलेले नाही. त्या माउलीने लंडनचे नावही बहुधा या संदर्भात ऐकलेले नसणार, पण बेगड कुठे लावायची आणि कुठे नाही हे तिला कोणी सांगावे लागले नाही. तिने नवऱ्याला गॅसबत्तीच्या उजेडात राजा होताना पाहिले होते, आणि काय चमकत होते ते तिच्या लक्षात होते. घरची मंडळी सांगतात की ती फ्रेम आधी देवघराजवळ होती, कारण तिथे दिवा असे.

आता अशी एखादी वस्तू तुमच्या घरी, माळ्यावर किंवा जुन्या पेटीत असेल, तर थोडे लक्ष द्या. ओल्या फडक्याने पुसू नका. खळ पाण्याने सुटते आणि एकदा सुटलेला ठिपका पुन्हा पूर्वीच्या जागी बसत नाही. धूळ झटकायची तर मऊ, कोरड्या कुंचल्याने, तीही फक्त कागदावरची. तांब्या-पितळेच्या पत्र्यावर हिरवट डाग दिसले तर चिंच किंवा लिंबू लावून चकाकी आणण्याचा मोह आवरा, कारण भांडे घासणे वेगळे आणि कागदावर चिकटवलेला केसाइतका पातळ पत्रा घासणे वेगळे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्यात भिंती पाझरतात; म्हणून फ्रेम बाहेरच्या भिंतीला न लावता घरातल्या मधल्या भिंतीला लावावी, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून कडेला पुठ्ठ्याची पट्टी घालून घ्यावी. वाळवीसाठी फ्रेमची मागची बाजू वर्षातून एकदा तरी उघडून पाहावी.

छायाचित्र काढून ठेवायचे असेल तर फ्लॅश बंद करा. खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च किंवा दिवा धरा आणि तो थोडा थोडा सरकवत वेगवेगळ्या कोनांतून चित्रे घ्या, किंवा सरळ व्हिडिओच काढा. एका चित्रात ही चमक मावत नाही. आणि फ्रेम बदलायला दुकानात दिली, तर मागचा जुना पुठ्ठा टाकून देऊ नका, असे दुकानदाराला आधीच बजावून ठेवा. त्यावर बरेचदा फोटो स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव किंवा पेन्सिलीने लिहिलेले साल असते, आणि चित्रातल्या राजाने नेमकी कोणत्या नाटकातली भूमिका केली होती, याचा धागा पुष्कळदा त्याच्यावरूनच लागतो.